मोसमी वाऱ्यातली कॉफी

मंगळूरच्या एका वखारीत, भाद्रपदातला पाऊस ओसरू लागला असताना, तिथल्या वृद्ध मुकादमाने माझ्या दोन तळहातांवर कच्च्या कॉफीचे थोडे थोडे दाणे ठेवले. उजव्या हातावरचे दाणे नेहमीचे, लहान, टणक आणि करड्या-हिरव्या वर्णाचे होते. डाव्या हातावरचे मात्र चांगलेच फुगलेले, फिकट, वाळल्या गवताच्या रंगाचे आणि हाताला हलके लागणारे. दोन्ही एकाच तोडणीचे आहेत असे त्याने सांगितले नसते, तर मी त्या दोन भिन्न जाती मानल्या असत्या. त्यांच्यातले अंतर तीन-साडेतीन महिन्यांच्या मोसमी वाऱ्याने निर्माण केले होते.

हिंदुस्थानात कॉफी आली ती सतराव्या शतकात. बाबा बुडन नावाच्या सूफी साधूने मक्केहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात पेरल्या, अशी आख्यायिका आहे. त्या डोंगराला आजही बाबाबुडनगिरी म्हणतात. आख्यायिकेतले सत्य कितीही असो, त्या मुलखात पाऊल टाकल्यावर जाणवते ते असे की कॉफीला इथे अरण्याचाच आश्रय मिळालेला आहे. ब्राझीलमध्ये कॉफीचे विस्तीर्ण मळे उघड्या उन्हात पसरलेले असतात. चिकमगळूर, कोडगू आणि वायनाड या प्रदेशांत मात्र फणस, उंबर, शिसम, पांगारा आणि सिल्व्हर ओक यांच्या दुहेरी छायेखाली ती वाढते, आणि त्याच वृक्षांच्या खोडांवर मिरीचे वेल चढवलेले असतात. छायेत फळ सावकाश पिकते, आणि त्या सावकाशीचा लाभ दाण्याला होतो.

फाल्गुन-चैत्रातल्या वळिवाच्या एका सरीवर मळेवाल्याचे सारे वर्ष अवलंबून असते. ती सर वेळेवर पडली की आठ-दहा दिवसांत झाडांच्या फांद्या पांढऱ्या फुलांनी अशा लगडतात की पाने दिसेनाशी होतात आणि मोगऱ्यासारखा दरवळ साऱ्या टेकड्यांवर पसरतो. तीन-चार दिवसांत तो बहर कोमेजतो. सर चुकली, तर फळधारणाही चुकते.

1869 या एकाच वर्षाने या पिकाला दोन दिशांनी धक्का दिला. त्या वर्षी सिलोनमध्ये पानांवरचा तांबेरा प्रकटला आणि पुढे काही वर्षांतच आपल्या मळ्यांवरही त्याने घाला घातला. त्याच्याशी दोन हात करण्यासाठी रोगाला दाद न देणाऱ्या रोपांची निवड सुरू झाली. 1925 साली बाळेहोन्नूर येथे संशोधन केंद्र निघाले आणि तिथे सिद्ध झालेला एस-795 हा अरेबिकाचा वाण आजही आपल्या डोंगरांवर सर्वत्र आढळतो. दुसरा धक्का सुएझ कालव्याचा. तोपर्यंत मलबार किनाऱ्यावरची कॉफी शिडांच्या जहाजांतून, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून, महिनोन्‌महिने युरोपच्या वाटेवर असे. तळघरातल्या दमट हवेत दाणे फुगत, पिवळे पडत आणि त्यांची आम्लता मावळत असे. कालवा खुला झाला, वाफेची जहाजे आली, माल ताजा पोहोचू लागला, आणि गिऱ्हाईक नाराज झाले. कारण इतक्या वर्षांत प्रवासाने बदललेली चव हीच त्याला मलबारची खरी चव वाटू लागली होती. मला ही हकीकत विलक्षण हृद्य वाटते. जो बदल व्यापाऱ्याने नुकसान म्हणून खतवला असता, तोच किनाऱ्यावरच्या माणसांनी मोठ्या कष्टाने पुन्हा साधला.

त्यांची रीत आजही तीच आहे. सालासकट उन्हात वाळवून मग सोललेले दाणे ज्येष्ठात, पाऊस लागताच, वखारीच्या फरशीवर चार ते सहा इंच थरात पसरतात. भिंती अशा मोकळ्या ठेवलेल्या असतात की समुद्रावरचे वारे आरपार वाहावेत, पण पावसाचा थेंब आत येऊ नये. मजूर दंताळ्याने तो थर पुन्हा पुन्हा खालवर करतात. काही दिवसांनी दाणे सैल भरलेल्या गोणपाटाच्या पोत्यांत घालून, दोन रांगांमध्ये वाऱ्याला वाट ठेवून, रचतात. मग ती पोती वेळोवेळी रिकामी करून नव्याने भरतात, कारण हयगय झाली की बुरशी धरते आणि सोंडे पडतात. बारा ते सोळा आठवडे हे चालते, आणि अखेरीस न फुगलेला प्रत्येक दाणा बाजूला काढला जातो. मुकादम मला म्हणाला, “साहेब, नाकाने कळतं कोणतं पोतं आज उलटायचं ते.”

या कॉफीत आंबटपणा जवळजवळ उरत नाही. चव जड, मातकट, किंचित मसाल्याची, आणि म्हणूनच युरोपात एस्प्रेसोच्या मिश्रणांत तिला मान आहे. तेजस्वी आम्लतेचे भोक्ते तिला शिळी म्हणतात. मला ते मान्य नाही, कारण शिळेपण दुर्लक्षातून येते आणि हिच्यावर तर चार महिने अहोरात्र नजर असते. तिच्या मॉन्सून्ड मलबार या नावाला आता भौगोलिक निर्देशनाचे कायदेशीर संरक्षणही लाभले आहे. खंत इतकीच की देशात पिकणाऱ्या कॉफीचा बहुतांश परदेशी जातो, आणि आपल्या घरी येते ती बहुधा चिकोरी मिसळलेली पूड.

आमच्याकडे कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, जायफळ घातलेली. वखारीतून आणलेले पावशेर दाणे मी घरी लोखंडी कढईत मंद आचेवर भाजले, तेव्हा पहिल्या पावसात भिजलेल्या सागवानी दारासारखा वास माजघरापर्यंत गेला. सौभाग्यवतींनी सवयीने जायफळ आणि किसणी पुढे ओढली होती. तो वास येताच त्यांनी दोन्ही बाजूला ठेवली, आणि पहिला पेला आम्ही दोघांनी बिनदुधाचा घेतला.