तणनाशकाला आपला बांध ओलांडू देऊ नका



उसाच्या लागणी सुरू झाल्या की शेतकी विभागाकडे पहिला प्रश्न येतो तो तणाचा. खुरपणीला माणसं मिळत नाहीत, मिळाली तर वेळेवर येत नाहीत. आणि पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत तणाने उसाला गाठले, की पुढे कितीही खत घाला, मेलेले फुटवे परत येत नाहीत. म्हणून तणनाशकाचा वापर वाढला. तो करूच नये असे आमचे म्हणणे नाही. मात्र येडशी गटातल्या बैठकीत एका वडीलधाऱ्या सभासदांनी सरळ विचारले, "औषध मी माझ्या रानात मारलं, माझ्या पैशानं मारलं. मग शेजाऱ्यानं बोंब का मारावी?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर सगळ्यांनाच उपयोगी पडेल म्हणून हा लेख.

उत्तर थोडक्यात असे, की औषध आपल्या बांधाच्या आत राहिले तर कोणाचीच तक्रार नाही. ते बांध ओलांडते तीन वाटांनी : पाण्याबरोबर, वाऱ्याबरोबर आणि आपल्याच पंपातून.

पाण्याची वाट

आपला मुलूख बालाघाटाच्या माथ्यावरचा. इथले काही पाणी तेरणा-मांजरेवाटे गोदावरीला जाते, तर काही सीनेवाटे भीमेला. वर थोडी काळी माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला पाषाण. भारी काळी जमीन औषध बरेचसे धरून ठेवते, पण हलक्या मुरमाड रानात ते पाण्याबरोबर लवकर खाली उतरते. आपल्या विहिरींना पाणी येते तेही याच मुरमातून नि भेगांतून. गावाची पिण्याची विहीर तर बहुधा ओढ्याकाठी किंवा पाझर तलावाच्या खालच्या अंगाला असते. म्हणजे वरच्या रानात जे पडेल ते कधी ना कधी तिकडेच जाणार.

पाण्याची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले, ते आपल्याच भागातून जाणाऱ्या लोहमार्गाने. असल्या मुलखात एक विहीर नासणे म्हणजे काय, हे ज्याचे त्याने ओळखावे.

आता थोडा हिशेब करू. उसात सर्रास वापरले जाणारे ॲट्राझीन घ्या. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक संस्थेचे मानक आहे, आय. एस. १०५००. त्याच्या २०१२ च्या आवृत्तीप्रमाणे एका लिटर पाण्यात ॲट्राझीन २ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. आपली विहीर वीस फूट व्यासाची आहे आणि तिच्यात तीस फूट पाणी आहे असे धरा. ते पाणी झाले सुमारे २ लाख ६७ हजार लिटर. एवढ्या पाण्याला मर्यादेपर्यंत नेण्यास शुद्ध ॲट्राझीन लागते अर्धा ग्रॅम. बाजारातली पूड ५० टक्क्यांची असते, म्हणजे पूड लागली अवघी एक ग्रॅम. एक चिमूट! पुडा फाडताना वाऱ्याने उडते तेवढी. आणि एका किलोच्या पुड्यात अशा नऊशेहून अधिक विहिरी बसतात.

याचा अर्थ रानात मारलेले सगळे औषध विहिरीत उतरते असा नाही. पुष्कळसे मातीच्या कणांना चिकटते, आणि जमिनीतले जिवाणू ते हळूहळू मोडून टाकतात. पण विहिरीच्या काठावर जे सांडले, त्याला मध्ये अडवणारी माती नसते. ते थेट पाण्यात जाते. म्हणून आमच्या मते मोठा धोका शेतातल्या फवारणीपेक्षा काठावरच्या कालवाकालवीत आहे. आणि आपण नेमके तिथेच बसून औषध कालवतो, कारण पाणी तिथे जवळ असते.

अमेरिकेत ॲट्राझीनच्या लेबलावरच छापलेले असते, की विहिरीपासून ५० फुटांच्या आत ते मिसळू नये, भरू नये, मारू नये. शेतातले पाणी जिथे ओढ्या-नाल्याला मिळते तिथून ६६ फूट अंतर सोडावे, आणि तळ्या-जलाशयांपासून २०० फूट. युरोपीय संघाने तर २००४ साली या औषधाची मान्यताच काढून घेतली, कारण तिथल्या भूजलात ते मर्यादेबाहेर सापडू लागले होते. आपल्याकडे त्याला परवानगी आहे, पण परवानगी म्हणजे हयगयीची मुभा नव्हे.

आणखी एक गैरसमज काढून टाकावा. औषध मिसळलेले पाणी उकळून, तुरटी फिरवून किंवा विहिरीत टी. सी. एल. पावडर टाकून चांगले होत नाही. त्या उपायांनी गाळ बसेल, रोगजंतू मरतील, औषध मात्र तिथेच राहील. म्हणून पुढील पथ्ये पाळावीत.

१. औषध कालवण्याची जागा विहीर, बोअर, ओढा आणि शेततळे यांपासून निदान शंभर फूट लांब, आपल्या रानाच्या आत ठेवावी. पाणी ड्रमने तिथे न्यावे. चार फेऱ्या जास्त होतील, होऊ द्या.

२. मोटरीच्या पाण्याने ड्रम भरताना पाइपाचे तोंड औषधाच्या पाण्यात बुडू देऊ नये, वर हातभर राहू द्यावे. मध्येच वीज गेली नि फुटव्हॉल्व्ह गळका असला, तर बुडालेला पाइप ड्रममधले औषध उलटे ओढून विहिरीत नेतो.

३. बोअरच्या केसिंगभोवती पाणी साचू देऊ नये. तिथून शिरलेले पाणी थेट खाली जाते.

४. दोन दिवसांत जोराचा पाऊस येण्याची चिन्हे असतील तर फवारणी थांबवावी. फवारणीनंतर सऱ्या फुटून पाणी बाहेर जाईल असे भिजवू नये.

५. ओढ्याच्या कडेला २० मीटरभर गवताचा पट्टा सोडावा, तिथे तण काढायचे तर खुरप्याने. गवत वाहते पाणी नि गाळ अडवते.

६. रिकामी बाटली-पुडा तीन वेळा विसळून ते पाणी पंपातच ओतावे. मग बाटलीला भोके पाडावीत. तेल-रॉकेलला किंवा पोरांना पाणी न्यायला ती बाटली घरात येता कामा नये.

वाऱ्याची वाट

ऊस हे गवतवर्गातले पीक. म्हणून टू-फोर-डी मारले की चांदवेल, गाजरगवत अशी रुंद पानांची तणे मरतात नि ऊस तगतो. पण द्राक्ष, कापूस, टोमॅटो, मिरची, तूर ही पिकेही रुंद पानांचीच! औषधाला तण कोणते आणि शेजाऱ्याची बाग कोणती हे कळत नाही. त्यातही द्राक्षवेल इतकी नाजूक, की फवाऱ्याचा अगदी थोडा अंश तिला बाधतो.

आमच्या पाहण्यातली एक गोष्ट सांगतो, नावगाव सांगत नाही. एका सभासदाने सुरू उसातल्या वेलींवर एप्रिलमध्ये भर दुपारी टू-फोर-डीचे इस्टर मारले. वारा फार नव्हता. बांधापलीकडे द्राक्षबाग, खरड छाटणी होऊन कोवळ्या काड्या फुटलेल्या. काही दिवसांतच पाने अरुंद होऊन पंख्यासारखी मिटू लागली, शिरा एकमेकींना खेटल्या, शेंडे वाकडे झाले. पुढच्या हंगामाचे घड ज्या काड्यांत तयार व्हायचे, त्याच काड्या खुंटल्या. दोन पिढ्यांचा शेजार, एकमेकांच्या लग्नकार्यात राबणारी घरे, वर्षभर बोलेनाशी झाली. औषधाची बाटली चारशे-पाचशेची असेल. नुकसान किती झाले याचा हिशेब कोण मांडणार?

वारा नव्हता तरी असे का झाले? तर टू-फोर-डी वेगवेगळ्या रूपांत मिळते. त्यातल्या इथाइल इस्टरची उन्हात वाफ होते. फवारा जमिनीवर बसल्यावरही ती वाफ उठून पसरते. सोडियम क्षार किंवा अमाइन क्षार या रूपात हा उपद्रव पुष्कळ कमी. म्हणून बाटलीवर नुसते नाव वाचू नका, पुढचा शब्दही वाचा. जवळपास द्राक्ष, कापूस किंवा भाजीपाला असेल तर इस्टर आणूच नये, आणि अगदी बांधाला बांध लागून बाग असेल तर त्या कडेचे तण खुरप्यानेच काढावे.

वाऱ्याचा अंदाज असा घ्यावा. तोंडाला झुळूक लागते, पाने सळसळतात, एवढा वारा चालेल, मात्र तो शेजाऱ्याच्या पिकाकडून आपल्याकडे येणारा हवा. बारीक डहाळ्या सारख्या हलू लागल्या की पंप खाली ठेवावा. उलट, पहाटे धुके नि धूर जमिनीलगत लोंबकळत असतो, पान हलत नाही, ती वेळही वाईट. तेव्हा बारीक थेंब हवेत तसेच तरंगतात आणि भलतीकडे जाऊन बसतात. ऊन पडून धूर वर चढू लागला की काम सुरू करावे आणि ऊन तापण्याआधी आटपावे.

नोझल कीटकनाशकाचे वापरू नये, ते धुक्यासारखे बारीक थेंब पाडते. तणनाशकाला पट्टा पाडणारे सपाट फवाऱ्याचे किंवा फ्लडजेट नोझल घ्यावे, दाब कमी ठेवावा आणि नोझल जमिनीपासून दीड-दोन फुटांवर धरावे. जास्त दाबाच्या एच. टी. पी. पंपाने तणनाशक मारणे तर टाळावेच.

पंपाची वाट

ही वाट घरातली, म्हणून लक्षात येत नाही. उसात टू-फोर-डी मारलेला पंप पाण्याने खळखळून धुतला आणि वांग्यावर कीटकनाशक मारायला घेतला, की आठवड्यात वांगी वाकडी. औषध रबरी नळीत, वायसरात, गाळणीत दडून बसते. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा, त्यावर रंगाने मोठी खूण करावी. एकच पंप असेल तर तीन वेळा धुऊन, धुण्याच्या सोड्याचे पाणी रात्रभर भरून ठेवून, नळी-नोझलातून ते काढून, पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवावा. एवढे करूनही भाजी नि द्राक्षाला तो लावू नये हे बरे. धुण्याचे पाणी फवारलेल्या रानातच पसरून टाकावे, विहिरीवर पंप नेऊ नये.

मात्रा, आणि आपलेच आंतरपीक

पुष्कळ घोटाळा हेक्टर आणि एकर यांत होतो. उदाहरणार्थ मेट्रिब्युझिन ७० टक्के पूड हेक्टरी दीड किलो, म्हणजे एकरी ६०० ग्रॅम. हेक्टरचा आकडा एकराला धरला की औषध अडीचपट पडले! ते पीकही करपवते नि पाणीही बिघडवते. एकरी ४०० लिटर पाणी धरले तर १६ लिटरचे २५ पंप होतात, म्हणजे पंपाला २४ ग्रॅम. हे मोजायला छोटा काटा हवा, काडेपेटी नि टोपण नव्हे.

आपल्या चालीने किती पाणी पडते हे आधी तपासावे. रानात एक गुंठा, म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, आखून साध्या पाण्याने नेहमीच्या चालीने फवारा. पाणी १० लिटर लागले तर एकरी ४०० लिटर झाले. कमी-जास्त असेल तर चाल बदलावी, औषध वाढवू नये. ॲट्राझीन, मेट्रिब्युझिन ही तण उगवण्यापूर्वीची औषधे लागणीनंतर तीन-चार दिवसांत, जमीन वापशावर असताना, मागे मागे सरकत मारावीत, म्हणजे फवारलेली जमीन तुडवली जात नाही. कोरड्या रानात ती काम करत नाहीत, मग माणूस पुन्हा मारतो, नि दुप्पट औषध जमिनीत जाते.

उसात हरभरा, सोयाबीन, कांदा असे आंतरपीक घ्यायचे असेल तर ॲट्राझीन मारू नये. त्याचा अंश जमिनीत राहून पुढच्या पिकालाही बाधू शकतो. आणि लव्हाळा-हरळीवर ॲट्राझीनचा उपयोग होत नाही, तेव्हा त्यासाठी मात्रा वाढवणे म्हणजे पैसे पाण्यात, अगदी शब्दशः!

औषध कमी लागावे याचेही उपाय आहेत. पाच फुटी सरीत उसाच्या ओळीवर अडीच फुटांचाच पट्टा फवारला आणि मधली जागा औजाराने कोळपली, तर औषध निम्म्यावर येते. खोडव्यात पाचट न जाळता सरीत पसरले की पुष्कळ तण उगवतच नाही, ओलही टिकते.

फवारणाऱ्या माणसाबद्दल

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. तणनाशक तेवढे जहाल नसेल, पण पाठीवर गळका पंप घेऊन अनवाणी फिरणारा गडीही कोणाच्या तरी घरचा कर्ता आहे. हातमोजे, बूट, तोंडाला फडके नि अंगभर कपडे द्यावेत. तंबाखू-विडी कामाच्या वेळी बंद. त्रास झाला तर बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठावा, म्हणजे डॉक्टरांना औषध कळते. डब्यावरचा हिरवा त्रिकोण पाहून निर्धास्त होऊ नये. तो माणसाच्या अंगात गेल्यास विष किती तीव्र एवढेच सांगतो. शेजारच्या पिकाबद्दल नि विहिरीबद्दल तो काही सांगत नाही.

अलाक्लोरवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, कोणी जुना माल देऊ लागला तर घेऊ नये. पक्की पावती घ्यावी आणि आतली घडीपत्रिका वाचून जपून ठेवावी.

शेवटी पुन्हा त्या दोन शेजाऱ्यांकडे येतो. पुढच्याच वर्षी गावातल्या जाणत्यांनी दोघांना एकत्र बसवले. आता ऊसवाले आदल्या दिवशी सांगतात, "उद्या औषध मारतोय." बागवाले वारा बघून हो-नाही सांगतात. इस्टर बंद झाले, बांधालगतच्या चार सऱ्या खुरप्याने निघतात. एवढाच करार, कागदावर नाही, तोंडी. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. प्रत्येक शिवारात असा करार व्हावा आणि औषध आणण्यापूर्वी गट ऑफिसात एकदा विचारणा करावी, अशी सर्व सभासदांना आमची नम्र विनंती आहे.