गोषामहालची बारादरी

हैदराबादेतील आमच्या बेगम बाजारातून गोषामहालकडे वळले की एक जुनी बारादरी लागते. गोवळकोंड्याचा अखेरचा सुलतान अबुल हसन तानाशहा याने ती १६८२ साली राणीवशासाठी बांधविली. गोषा म्हणजे पडदा. नाव त्यावरूनच पडले. पाचच वर्षांनी औरंगजेबाने राज्य घेतले. पुढे १८७२ साली निजाम सरकारने ही वास्तू फ्रीमेसन मंडळींस दिली. राणीवशाचा पडदा गेला, गुप्ततेचा आला!

बंद दारांमुळे अशा वास्तूंस लोक ‘जादूघर’ म्हणत. बाळपणी आम्हीही तेथून भरभर पावले उचलीत असू. वस्तुतः या मंडळींत ईश्वरावर श्रद्धा असली म्हणजे पुरे, पंथ कोणताही चालतो. सभेत राजकारण व धर्मवाद वर्ज्य. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी भारताची स्वतंत्र ग्रँड लॉजही स्थापन झाली.

आम्हांस कौतुक वाटते ते त्यांच्या दानाच्या झोळीचे. सभेत ती फिरते, आणि कोणी किती टाकले हे शेजाऱ्यासही कळत नाही. तो पैसा गरजूंच्या साह्यार्थ जातो. यालाच आपण गुप्तदान म्हणतो, पर्युषणात त्याचा महिमाही ऐकतो. परंतु धर्मशाळेच्या एका खोलीस देणगी दिली की संगमरवरी पाटी मागतो. आडतीत आम्ही पोत्यामागे धर्मादा कापीत असू. पैसा गिऱ्हाइकाचा, पाटी आमची. या शहरात आमच्या नावाच्या अशा तीन पाट्या आहेत. त्यांपैकी एकीची रक्कम संपूर्ण धर्मादा खात्यातील होती.