सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस: रिपोर्टमधला ‘एम बँड’

रक्तातले एकूण प्रोटीन साधारण 6 ते 8 ग्रॅम प्रति डेसिलिटर असते. त्यात निम्म्याहून जास्त अल्ब्युमिन, बाकीचे ग्लोब्युलिन. ग्लोब्युलिन वाढलेले दिसले की डॉक्टर अनेकदा ही तपासणी सांगतात. यात विजेच्या प्रवाहाने प्रोटीन वेगवेगळी करून त्यांचा आलेख काढतात.

आलेखातला शेवटचा, गॅमा भाग रुंद फुगला असेल तर कारण बहुधा जुना संसर्ग, यकृताचा आजार किंवा संधिवात असते. तिथे टोकदार सुळका दिसला तर तो एम बँड: एकाच प्रकारच्या प्लाझ्मा पेशी एकच अँटिबॉडी बनवत असल्याची खूण.

इंटरनेटवर शोधले की ‘मायलोमा’ हा कॅन्सर समोर येतो आणि घरच्यांची झोप उडते. पण अमेरिकेतील अभ्यासात पन्नाशीपुढच्या सुमारे 3 टक्के लोकांत, काहीही त्रास नसताना असा बँड आढळला. त्याला एमजीयूएस म्हणतात. अशा 100 जणांपैकी वर्षाला साधारण एकालाच पुढे मायलोमा किंवा तत्सम आजार होतो. म्हणून हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि इम्युनोफिक्सेशन पाहूनच निष्कर्ष काढतात.

त्रास नाही म्हणून फेरतपासणी मात्र चुकवू नका. सतत हाडे दुखणे, वाढता थकवा किंवा वारंवार संसर्ग होत असेल, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता जुने रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना भेटा.