रुमाल उचलू नका हं!

मुलांनो, मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. मधल्या सुट्टीत चौथीतल्या एका मुलाचा हात पत्र्याच्या कडेनं कापला. रक्ताची धार लागली! एकजण हळद आणायला धावला, दुसरा म्हणाला, “बाई, चुना लावा!” मी रुमाल दाबला खरा, पण ‘थांबलं का?’ म्हणून दर मिनिटाला उचलून बघत होते. रक्त काही थांबेना. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, “बाई, रुमाल उचललात की नुकतीच धरलेली गुठळी सुटते.” मुलगा बरा झाला, धडा मात्र मी शिकले.

रक्त गोठतं कसं? जखमेशी रक्तपट्टिका गोळा होतात. मग फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं विणलं जातं आणि त्यात रक्तपेशी अडकून गुठळी बनते. पण मोठी रक्तवाहिनी कापली, तर रक्ताचा जोर हे जाळं टिकूच देत नाही. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त असतं सुमारे ५ लीटर. अशी धार लागली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो.

अशा वेळी लष्करातले आणि रुग्णवाहिकेतले प्रशिक्षित लोक रक्त थांबवणारी खास पट्टी वापरतात. तिची गंमत ऐका. अमेरिकेतल्या फ्रँक हर्सी यांना झिओलाइट हे खनिज जखमेवर वापरायची कल्पना सुचली. ते रक्तातलं पाणी शोषून घेतं. २००२ साली तिथे त्याला परवानगी मिळाली. पण पाणी शोषताना ते इतकं तापायचं, की कातडी भाजायची! म्हणून पुढे केओलिनची पट्टी आली. केओलिन म्हणजे कपबशांची चिनीमाती! ती तापत नाही आणि रक्त गोठण्याची क्रिया झटपट सुरू करते. दुसरी पट्टी कायटोसॅनची. ते बनतं कोळंबीच्या नि खेकड्याच्या कवचापासून! तांबड्या पेशी त्याला चिकटतात आणि जखमेचं तोंड बुजतं. अशी पट्टी आता भारतातही बनते.

पण ही पट्टी नुसती वर ठेवून भागत नाही, बरं का! हातापायाच्या खोल जखमेत ती नीट भरून निदान ३ मिनिटं घट्ट दाबावी लागते. म्हणजे पट्टी कितीही हुशार असो, दाब हवाच. आणि दाब तर आपल्याही हातात आहे!

मग आपण काय करायचं? मोठ्यांना हाक मारा, १०८ किंवा ११२ ला फोन करा. हातावर स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी चढवा. स्वच्छ कापड जखमेवर तळव्यानं जोरात दाबा. भिजलं तर काढू नका, त्यावरच दुसरं ठेवा आणि मदत येईपर्यंत दाबत राहा. काच किंवा खिळा रुतला असेल तर उपसू नका, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबा. हळद, चुना, माती काही भरू नका.

आज घरी एक खेळ खेळा. उशीवर रुमालाची घडी ठेवा, घड्याळ लावा आणि १० मिनिटं न उचलता दाबून दाखवा. आई-बाबांनाही बसवा. हात भरून येतात की नाही बघा! आमच्या वर्गात पहिल्या दिवशी १० मिनिटं टिकले फक्त तिघं. आता सगळा वर्ग टिकतो. आणि हो, त्यांच्या बाईसुद्धा!