आसरा, निम्फ आणि बोरी-बाभळी

मुळशीच्या खोऱ्यात एखाद्या डोहाच्या काठी किंवा जुन्या पाणवठ्याजवळ ओळीनं मांडलेले सात दगड दिसले, तर ते कुणाचे हे विचारावं लागत नाही. मूर्ती नाही, देऊळ नाही, चेहरा तर नाहीच. हळदीकुंकवाचे थर, हिरव्या बांगड्यांचे तुकडे, पावसानं रंग उतरलेला खण, एखादं वाळून खडखडीत झालेलं लिंबू. या साती आसरा. सातींची नावं विचारली तर गावागणिक यादी बदलते, आणि बऱ्याच ठिकाणी ती कुणाला सांगताही येत नाही, कारण त्यांचा कारभार कायम अनेकवचनी. भाऊ म्हणून जवळपास म्हसोबा राखणीला असतो. नातं इंद्राच्या अप्सरांशी, पण नाचगाणं यांच्या खात्यात येत नाही. भर दुपारी किंवा तिन्हीसांजेला एकटीनं पाण्यावर जाऊ नये, ओल्या बाळंतिणीनं तर नाहीच. कुणी सासुरवाशीण एकाएकी वेड्यासारखी वागू लागली, की जाणती बाई सांगते, ‘आसरांनी धरलंय.’ मग पाण्यावर जाऊन ओटी भरायची, नैवेद्य ठेवायचा आणि मागं वळून न पाहता परत यायचं.

ग्रीकांच्या निम्फ म्हटलं की आपल्यासमोर युरोपातल्या संग्रहालयांमधली चित्रं उभी राहतात: गोऱ्या, अर्धवस्त्र, लाजऱ्या पोरी. प्रत्यक्षात त्यांचं मूळचं वागणं मुळशीच्या पाणवठ्यावरच्या बायकांना लगेच ओळखू आलं असतं. झऱ्यातल्या त्या नायड, झाडातल्या ड्रायड, डोंगरातल्या ओरिअड. काहींचा जीव तर एकाच झाडाशी बांधलेला. झाड पडलं की त्या गेल्या. आणि त्या माणसाला धरत. अथेन्सच्या दक्षिणेला वारी नावाच्या जागी एक गुहा आहे. थेरा बेटावरून आलेला आर्केडेमॉस नावाचा माणूस इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात तिथं राबला. भिंतीवर त्यानं हातात हातोडा-छिन्नी घेतलेली स्वतःची आकृती कोरली आणि शेजारी लिहून ठेवलं, की मला निम्फांनी धरलंय आणि त्यांच्याच सांगण्यावरून मी ही गुहा सजवली. त्यांच्यासाठी बागही लावली. आपल्याकडचा धरलेला माणूस घुमतो, बोलतो. यानं सगळं लेखी दिलं, एवढाच फरक.

बायकांचा संबंध इथंही जवळचा. अथेन्सच्या अॅक्रोपोलिसच्या दक्षिण पायथ्याशी निम्फेचं ठाणं होतं. नवरीच्या न्हाणाचं पाणी ज्यातून आणत ते उंच मानेचे घडे लग्नानंतर तिथं वाहत. उत्खननात त्यांचा खच सापडला. पाण्याची देवता, लग्न, कूस आणि भीती ही चौकडी तिथेही एकत्र नांदत होती.

मग कवी आले. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिरॅक्यूझचा थिऑक्रिटस अलेक्झांड्रियाच्या राजदरबारापर्यंत पोचला आणि शहरी रसिकांसाठी गुराख्यांची गाणी लिहू लागला. त्याच्या कवितेत हायलास हा देखणा पोरगा घडा भरायला झऱ्यावर वाकतो आणि निम्फा त्याचा हात धरून त्याला पाण्यात ओढतात. इथवर आसरा शाबूत आहेत. पण तीनेकशे वर्षांनी रोममध्ये ओव्हिडनं ‘मेटामॉर्फोसिस’ लिहिलं आणि धरणारीच पळू लागली. अपोलो मागं लागला म्हणून डॅफ्नी तमालवृक्षाच्या कुळातलं झाड झाली, पॅनपासून वाचायला सिरिंक्स बोरू झाली, आल्फियस नदीपासून सुटायला अरेथूसा झरा झाली. देव त्यानंतरही सोडत नाहीत: एकीच्या पानांचा मुकुट करतात, दुसरीची बासरी.

रेनेसाँच्या कवींना वारसा मिळाला तो या पळणाऱ्या निम्फेचा. फ्लॉरेन्सजवळच्या टेकड्यांवर बोकाच्चोनं चौदाव्या शतकात आफ्रिको हा गुराखी आणि मेन्सोला ही निम्फ यांची गोष्ट रचली. शेवटी दोघांचे दोन ओढे होतात आणि त्या नावांचे ओढे तिथं खरोखर आहेत. ही मला त्या सगळ्या काव्यातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते, कारण तिचे पाय स्थानिक मातीत आहेत. पुढं सान्नाझारोची ‘आर्केडिया’ 1504 मध्ये नेपल्सला छापून झाली, तास्सोचं ‘आमिन्ता’ 1573 मध्ये फेराराच्या दरबारासमोर रंगलं, आणि मेंढपाळ म्हणजे रेशमी कपड्यातला सरदार असं ठरूनच गेलं. त्याच्या कळपातल्या मेंढ्यांना कधी खुरकूत होत नाही. पोर्तुगीज कवी कामोंइश 1553 मध्ये गोव्यात आला. 1572 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘लुझियाड्स’मध्ये हिंदुस्थानची वाट शोधून परतणाऱ्या वास्को द गामाच्या खलाशांना एका बेटावर निम्फा चक्क बक्षीस म्हणून मिळतात. ज्यांच्या किनाऱ्याला हे लोक लागले त्या आपल्यासारख्यांना हे बक्षीस जरा खटकतंच.

निम्फेला स्वतःची वाचा फुटल्याचं ठळक उदाहरण इंग्रजीत आहे. मार्लोच्या मेंढपाळानं प्रेयसीला फुलांची शेज, लोकरीचा झगा असं काय काय कबूल केलं. त्यावर रॅलीच्या नावावर असलेल्या कवितेत निम्फ त्याला सरळ हिशेब विचारते: हिवाळा आला की ही फुलं कुठं? पण तेही उत्तर एका दरबारी पुरुषानंच लिहिलेलं.

मराठी मुलखात या प्रकाराची तोड नाही असं नाही. सातवाहन राजा हालाच्या नावानं ओळखली जाणारी ‘गाथासप्तशती’ महाराष्ट्री प्राकृतात शेतं, गोदाकाठ आणि चोरट्या भेटी रंगवते, आणि तिच्यातल्या कितीतरी गाथा बाईच्या तोंडी आहेत. सातवाहनांच्याच काळातल्या कार्ल्याच्या लेण्यातल्या लेखांत या डोंगरी पट्ट्याचं नाव ‘मामाल’ असं येतं. दामोदर कोसंबी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवत फिरले आणि 1962 च्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’त त्यांनी या नावाचा, पर्यायानं मावळाचा, संबंध मावलायांशी, म्हणजे पाण्यावरच्या याच देवतांशी, जोडला. म्हणजे दरबार शृंगाराच्या गाथा गोळा करत होता तेव्हाही पाण्यावरच्या बायकांना पूजा मिळतच असणार. त्यांच्या वाटेला राजकवी कधी फिरकला नाही, हे त्यांचं भाग्यच म्हणायचं. सोळाव्या शतकात एकनाथांनी गवळणी रचल्या, त्यात गवळणी पाण्याला निघतात आणि कृष्ण वाट अडवतो, पण आसरांच्या वाटेला तोही जात नाही.

झाडांचंही तसंच. ओव्हिडच्या गोष्टीत एरिसिक्थॉन देवीच्या राईतला ओक तोडतो, खोडातून रक्त येतं, आणि शिक्षा म्हणून लागलेली भूक शेवटी त्याला स्वतःचे लचके तोडायला लावते. सह्याद्रीतल्या अनेक देवरायांत वाळलेली फांदीसुद्धा घरी न्यायची नाही, असा शिरस्ता होता. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात या रायांचा अभ्यास केला, तेव्हा देवाच्या धाकानं टिकलेलं जंगल विज्ञानाच्या वहीत आलं.

पाण्याला मात्र तो धाक पुरला नाही. मुळा आणि निळा यांच्या संगमाजवळ टाटांचं धरण होऊ घातलं तेव्हा 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट हे नाव याच लढ्यातलं. लढा हरला, पन्नासएक गावांची जमीन गेली आणि पूर्वेला वाहणारं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरून कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळू लागलं. अरेथूसासुद्धा समुद्राखालून पळून सिरॅक्यूझला निघाली होती, पण ती स्वतःच्या सुटकेसाठी. शेजारच्या मोसे खोऱ्यात पुढं लवासा उभं राहिलं, इटलीतल्या पोर्टोफिनोच्या धर्तीवर. शहरातल्या पैसेवाल्यांना गुराख्याविना कुरण हवं असतं, ही सान्नाझारोच्या काळापासूनची मागणी.

याच मुळशीतून हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. हा संग्रह पुढं एक लाखाच्या वर गेला आणि 2017 पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर ऐकायलाही मिळतो. त्यात वनातलं काव्य भरपूर आहे, पण गुलाबाची शेज कुठं नाही. वन म्हणजे सीतेचा वनवास. पहाटे दळता दळता बाया तिच्या सासरवासाचा, टाकून दिल्याचा पाढा वाचतात, आणि तो आपलाच आहे हे लपवत नाहीत. सीता एकटी अरण्यात रडते तेव्हा तिची समजूत घालायला बोरी आणि बाभळी बाया होऊन जवळ येतात. ओव्हिडच्या बाईला पुरुषापासून सुटायला झाड व्हावं लागलं. इथं झाडंच बाई झाली, तीही काटेरी, जळणाखेरीज कुणी किंमत न करणारी. तमाल किंवा ओक सोडून याच दोन का निवडल्या, हे सरपणाला रान तुडवणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको.