नव्वदच्या पुढे न जाणारा रेडिओ

ऑकलंड, नैरोबी किंवा मॉरिशसमध्ये जपानहून आलेली वापरलेली मोटार घेतली की पहिल्या आठवड्यातच एक कोडं पडतं. इंजिन ठणठणीत, स्टिरिओचा आवाज सुरेख. पण एफएम लावलं की दोन-तीन केंद्रं सोडता नुसती खरखर, आणि आकडा ९०च्या पुढे सरकतच नाही. एखादा मेकॅनिक एरियल बदलून पाहतो. त्याने फरक पडत नाही, कारण स्टिरिओ जिथल्यासाठी बनवला तिथल्या हिशेबाने अगदी बरोबर चालतो आहे.

बहुतेक जगात, भारतातही, एफएमचा पट्टा ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ असा आहे. जपानने तो ७६ ते ९० ठेवला. टोकियो एफएम ८०.० वर लागतं, एनएचके एफएम ८२.५ वर. ९० ते १०८ ही जागा तिथे टीव्हीच्या पहिल्या तीन वाहिन्यांकडे होती, प्रत्येकीला ६ मेगाहर्ट्झ. त्यामुळे काही जपानी ट्रान्झिस्टरांवर चित्राविना टीव्ही ‘ऐकता’ही येई, पहिल्या वाहिनीचा आवाज ९५.७५ वर असे.

म्हणजे दोन्ही पट्ट्यांत सामाईक भाग उरतो ८७.५ ते ९० एवढाच. त्यात तुमच्या गावची जी केंद्रं बसतात तेवढीच ऐकू येतात. एएमचं दुखणं नाही: जपान, न्यूझीलंड, केनिया सगळीकडे केंद्रांमधलं अंतर ९ किलोहर्ट्झच्या पटीत असल्याने एएम पहिल्या दिवसापासून नीट लागतं. रेडिओ तपासायचा तर आधी एएम लावावं. तेही खरखरत असेल तर मग एरियलकडे वळावं.

स्वस्तातला उपाय म्हणजे बँड एक्सपांडर. एरियलची तार आणि स्टिरिओ यांच्यामध्ये जोडायची ही काडेपेटीएवढी डबी. तिच्यात एक क्रिस्टल ठरावीक कंप निर्माण करतो, समजा १४ मेगाहर्ट्झ. येणारी लहर त्याच्याशी मिसळली की दोन्हींच्या वजाबाकीएवढी नवी लहर तयार होते, आणि ती जपानी स्टिरिओच्या आवाक्यात येते. ऑकलंडमध्ये आरएनझेड नॅशनल १०१.४ वर आहे. एक्सपांडर लावल्यावर ते पडद्यावरच्या ८७.४ वर लागेल. आकडा खोटा, कार्यक्रम खरा.

यातली मेख मात्र विकणारा सहसा सांगत नाही. पट्टा साडेवीस मेगाहर्ट्झ रुंद, जपानी स्टिरिओची खिडकी चौदाची. १४चा एक्सपांडर घेतला तर ९० ते १०४ दिसेल, १०४च्या वरचं गेलं. २०चा घेतला तर ९६ ते १०८ मिळेल, ९० ते ९६ हातचं जाईल. म्हणून आपण रोज ऐकतो ती केंद्रं कागदावर लिहून काढावीत आणि मगच डबी निवडावी.

दुसरी अडचण जास्त चमत्कारिक. जवळचं एखादं दणकट केंद्र ८९.४ वर असेल, तर ते डबीतून न बदलता थेट आत शिरतं. तिकडे १०३.४ वरचं केंद्र वजाबाकी होऊन नेमकं त्याच ८९.४ वर उतरतं. एफएममध्ये दोन लहरी एकाच जागी भिडल्या की जोरदार ती ऐकू येते आणि दुसरी दबते. चालत्या गाडीत जोर बदलत राहतो, मग बातम्यांच्या मधेच गाणं घुसतं आणि पुढच्या वळणावर पुन्हा बातम्या सुरू होतात. लोक याचं खापर स्टिरिओवर फोडतात.

खर्च झेपत असेल तर स्टिरिओच बदलावा, असं माझं मत. एक्सपांडर ही तडजोड आहे. बदलताना दोन गोष्टी पाहाव्यात. टोयोटाच्या अनेक गाड्यांत खाच २०० मिलिमीटर रुंद असते, तर नेहमीचा डबल-डिन स्टिरिओ १८० मिलिमीटरचा. बाजूच्या पट्ट्या लागतात. आणि ज्या गाड्यांत एरियल काचेत असतं, तिथे त्याला जोडलेल्या लहान अँप्लिफायरला १२ व्होल्ट हवे असतात. नव्या स्टिरिओची ते पुरवणारी तार जोडायची राहिली, तर महागडा स्टिरिओसुद्धा खरखरतच राहतो. जुन्या स्टिरिओत जपानी नकाशे असतात, ते परदेशात निरुपयोगीच. टोलचं यंत्र मात्र गाडी सुरू केली की जपानीत कार्ड मागत राहतं. ते काढून टाकलं तरी चालतं.

जपानमध्ये अॅनालॉग टीव्ही बहुतेक भागांत २०११च्या जुलैत बंद झाला आणि ती जागा मोकळी झाली. २०१४पासून तिथली एएम केंद्रं ९० ते ९५च्या दरम्यान एफएमवरही ऐकवू लागली. टोकियोत टीबीएस ९०.५ वर, निप्पॉन होसो ९३.० वर. त्यामुळे अलीकडच्या बऱ्याच गाड्यांचे स्टिरिओ ९५पर्यंत जातात, काही त्याहूनही पुढे. विकत घेण्याआधी आकडा वर सरकवून तो कुठे थांबतो हे पाहायला अर्धा मिनिट पुरतो.