जखमेतील किडे : माशीचा जीवनक्रम व जनावरांचे रक्षण

पावसाने उघडीप दिली आणि भाद्रपदाचे ऊन तापू लागले, की पशुवैद्यकीय दवाखान्यांपुढे जखमी जनावरे दिसू लागतात. कोणा बैलाचा खांदा जुवाने सोलवटलेला असतो, कोणा कालवडीचे शिंग मोडलेले असते, तर कोणा वासराची बेंबी सुजलेली असते. विचारले असता बहुतेकांचे उत्तर एकच येते, "साहेब, जखम लहानच होती, पण किडे पडले."

"किडे पडले" हा शब्दप्रयोग आपल्या बोलण्यात इतका रूढ झाला आहे, की त्यामागील गैरसमज आपल्या ध्यानी येत नाही. किडे वरून पडत नाहीत, आणि मांस कुजले म्हणून ते आपोआप उत्पन्नही होत नाहीत. माशीने येऊन अंडी घातल्यावाचून जखमेत एकही किडा दिसणे शक्य नाही. एवढी एक गोष्ट शेतकऱ्याच्या मनावर ठसली, तर पुष्कळशी जनावरे वाचतील. कारण जे आपोआप घडते त्याला उपाय नसतो. परंतु जे माशी करते ते टाळता येते.

माशीची ओळख

जखमेवर बसणाऱ्या सर्वच माश्या सारख्या नसतात. हिरव्या-निळ्या चकाकीच्या अनेक माश्या मेलेल्या जनावरावर, सडलेल्या मांसावर व उकिरड्यावर अंडी घालतात. त्यांच्या अळ्यांना मृत मांस हवे असते. क्वचित त्या घाणेरड्या जखमेतही आढळतात, परंतु त्यांचे खरे स्थान कुजलेल्या पदार्थांतच असते.

आपल्या देशात आढळणारी क्रायसोमिया बेझियाना ही माशी मात्र निराळी आहे. इंग्रजीत तिच्या अळीला 'स्क्रूवर्म' म्हणतात, कारण अळीच्या अंगाभोवती बारीक काट्यांची वलये असून ती स्क्रूच्या आट्यांसारखी दिसतात. माशी घरमाशीहून मोठी, निळसर-हिरव्या चकाकीची असते. ती स्वतः चावत नाही व रक्तही शोषीत नाही. परंतु तिची अळी जिवंत, उष्ण रक्ताच्या प्राण्याच्या मांसावाचून वाढू शकत नाही. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कुत्रा इतकेच नव्हे, तर माणूसही तिच्या तडाख्यातून सुटत नाही. अंथरुणाला खिळलेल्या, जखमांकडे दुर्लक्ष झालेल्या माणसांतही ही अळी आढळली आहे.

या एका गुणातच या माशीचे बळ व दुर्बलता ही दोन्ही साठवलेली आहेत. जिवंत जनावराची उघडी जखम मिळाली नाही, तर तिचा वंश पुढे चालत नाही.

सुमारे तीन आठवड्यांचे जीवनचक्र

मादी माशी बहुधा दिवस कलता जखमेच्या कडेला, कोरड्या भागावर अंडी घालते. एका वेळी घातलेली दीडशे-दोनशे अंडी छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकांस चिकटून बसतात. ती पांढरी असल्यामुळे नीट पाहिल्यास डोळ्यांना दिसतात. सुमारे एका दिवसात अंडी फुटतात व सूक्ष्म अळ्या जखमेत शिरतात.

अळ्या सहा ते सात दिवस मांस खात आत आत जातात. या अवधीत त्या दोनदा कात टाकतात आणि पूर्ण वाढ होईपर्यंत सुमारे दीड सेंटिमीटर लांब होतात. अळीची श्वासाची छिद्रे तिच्या शेपटीकडील टोकास असतात. यास्तव तोंड मांसात खुपसून व शेपटी वर ठेवून त्या दाटीवाटीने उभ्या असतात. जखमेत डोकावले असता वळवळणारी पांढरी टोके दिसतात, ती अळ्यांची डोकी नव्हेत, शेपट्या होत. उपचार करताना ही गोष्ट फार उपयोगी पडते, ती कशी हे पुढे पाहू.

पूर्ण वाढलेली अळी जखमेतून आपण होऊन बाहेर येते, जमिनीवर पडते, मातीत शिरते व तेथे कोष करते. उबदार हवेत आठवडाभरात, थंडीत त्याहून पुष्कळ अधिक दिवसांनी, कोषातून माशी बाहेर पडते आणि नवी जखम शोधू लागते. अशा रीतीने अनुकूल हवामानात अंड्यापासून पुन्हा अंड्यापर्यंतचा फेरा सुमारे तीन आठवड्यांत पुरा होतो.

जखमेत काय घडते

अळ्या मांस खातात, त्यामुळे जखम बाहेरून लहान दिसली तरी आत पोकळी होत जाते. तीतून रक्तमिश्रित पातळ स्राव वाहतो व एक विशिष्ट दुर्गंधी सुटते. या वासाने आणखी माश्या आकर्षित होतात व त्याच जखमेत पुन्हा अंडी घालतात. एकाच जखमेत लहानमोठ्या सर्व वयांच्या अळ्या सापडतात, त्याचे कारण हेच होय. जनावर अस्वस्थ होते, चारा सोडते, कळपापासून दूर जाऊन सावलीत उभे राहते, जखम चाटते किंवा झाडाला घासते. उपचार न झाल्यास मोठे जनावर निकामी होते, आणि कोवळे वासरू तर थोड्याच दिवसांत दगावते.

एक अनुभव

नोकरीच्या आरंभीच्या काळातील एक प्रसंग प्रस्तुत लेखकास विसरता येत नाही. एका वस्तीवर बैलाच्या खांद्यातील किडे काढण्याचे काम चालले होते. वस्तीवरील एक जाणते गृहस्थ चिमट्याने एकेक अळी काढीत व बाजूच्या शेणमातीत टाकीत. बैल बरा झाला. सर्वांना समाधान वाटले, आणि कृषिशाखेची पदवी घेतलेल्या मलाही त्यात काही वावगे दिसले नाही. सुमारे तीन आठवड्यांनी पुन्हा जाणे झाले, तेव्हा त्याच गोठ्यातील नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या बेंबीत अळ्या झाल्या होत्या. दवाखाना दूर होता; वासरू वाचले नाही.

त्या शेणमातीतील अळ्यांच्याच माश्या वासरावर आल्या, असे सिद्ध करता येणार नाही. माशी दूरवर उडत जाते. परंतु पूर्ण वाढलेली अळी मातीत टाकणे म्हणजे तिला जेथे जायचे असते तेथेच पोचवणे होय, हे त्या दिवशी कळले. जखमेतून काढलेली अळी मारली नाही, तर उपचार अर्धाच झाला असे समजावे.

परदेशातील लढा

अमेरिका खंडात अशाच सवयीची, परंतु दुसऱ्या जातीची माशी आहे. तेथेही प्रथम मोठा गोंधळ होता. मेलेल्या जनावरांत दिसणारी माशी व जखमेतील माशी एकच समजून लोक मढी जाळीत राहिले, आणि जखमा तशाच राहिल्या. १९३३ मध्ये कुशिंग व पॅटन या शास्त्रज्ञांनी या दोन निरनिराळ्या जाती असल्याचे दाखवून दिले. यांपैकी पॅटन यांनी पूर्वी इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये असताना भारतातील माश्यांचाही अभ्यास केला होता.

पुढे निपलिंग व बुशलंड या शास्त्रज्ञांनी माशीच्या एका सवयीचा उपयोग करून घेतला. या जातीची मादी आयुष्यात बहुधा एकदाच नराशी संग करते. तेव्हा कोषांवर किरणांचा मारा करून वंध्य केलेले नर प्रचंड संख्येने सोडले, तर माद्यांची अंडी फुटणार नाहीत, असा त्यांचा विचार होता. १९५४ मध्ये क्युरासाओ बेटावर काही महिन्यांतच या रीतीने माशी नाहीशी झाली. १९५९ पर्यंत संयुक्त संस्थानांचा आग्नेय भाग, १९९१ पर्यंत मेक्सिको व २००६ पर्यंत पनामापर्यंतचा मुलूख मुक्त झाला. १९८८ मध्ये लिबियात आढळलेली हीच माशी १९९२ पर्यंत तेथून हटवण्यात आली.

परंतु या यशातही एक धडा आहे. २०२३ पासून ही माशी पनामातून पुन्हा उत्तरेकडे सरकू लागली व २०२४ च्या अखेरीस मेक्सिकोत पोचली. विमानांतून माश्या सोडणाऱ्या देशांनाही जनावर तपासणे, जखमेवर औषध लावणे व जखमी जनावरांची ने-आण रोखणे ही कामे सोडून चालत नाही. आपल्याकडे वंध्य माश्यांची मोहीम नाही. आपले साधन म्हणजे शेतकऱ्याचा डोळा व त्याचा हात.

उपचार कसा करावा

जनावर नीट बांधून जखमेभोवतीचे केस कातरावेत. पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी द्रावणाने जखम धुवावी. नंतर टर्पेंटाइन तेलात भिजवलेला कापसाचा बोळा जखमेत दहा-पंधरा मिनिटे ठेवावा. शेपटीकडील श्वासाची छिद्रे बंद झाल्याने अळ्या गुदमरतात व वर येतात. त्या चिमट्याने काढाव्यात. बोळा काढून घेण्यास विसरू नये. डोळ्याजवळ, सडांवर किंवा कासेवर टर्पेंटाइन वापरू नये. काढलेली प्रत्येक अळी उकळत्या पाण्यात टाकून मारावी. शेवटी माश्यांना दूर ठेवणारे जंतुनाशक मलम लावावे. एका दिवसात सर्व अळ्या निघतातच असे नाही. म्हणून जखम भरेपर्यंत रोज तपासावी.

सीताफळाचा पाला वाटून जखमेवर बांधण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे व तिला आधार आहे. सीताफळात कीटकांना मारक द्रव्ये असतात. तथापि तेवढ्यावर विसंबून अळ्या काढण्याचे टाळू नये. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांस अत्यंत अपायकारक असल्याने ती जपून हाताळावी.

पिकावर फवारण्याचे कीटकनाशक, पेट्रोल किंवा तीव्र फिनेल जखमेत ओतण्याची सवय मात्र सर्वस्वी सोडली पाहिजे. किडे मरतात, परंतु मांस जळते, आणि विष रक्तात शोषले गेल्यास किंवा जनावराने चाटल्यास जनावरही मरते. खोल जखम, तोंड, नाक, डोळा, कास किंवा योनिमार्ग यांतील अळ्या यांसाठी पशुवैद्यकाकडेच जावे. आयव्हरमेक्टिनसारखे इंजेक्शन त्यांच्याच सल्ल्याने द्यावे. दुभत्या जनावराचे दूध किती दिवस वापरू नये हेही त्यांच्याकडूनच समजून घ्यावे.

जखमच होऊ न देणे

१. जू व वेसण : जुवाचा खडबडीत भाग तासून गुळगुळीत करावा. खांदा सोलवटलेल्या बैलास जखम भरेपर्यंत विश्रांती द्यावी. वेसणीची दोरी मऊ असावी.

२. नवजात वासरू : नाळ स्वच्छ कापून तिला टिंक्चर आयोडीन लावावे व नाळ सुकेपर्यंत पुढील काही दिवस रोज पाहावे.

३. खच्चीकरण : बर्डिझो चिमट्याने केल्यास उघडी जखम राहत नाही.

४. गोचीड व लाळ-खुरकूत : गोचिडाने केलेले छिद्रही माशीला पुरते. गोचिडांचा बंदोबस्त करावा, आणि लाळ-खुरकुताची लस वेळेवर टोचून घ्यावी, म्हणजे खुरांत जखमा होणार नाहीत.

५. कानातील बिल्ला व लोकर-कातरणी : बिल्ला मारल्यावर कानाचे छिद्र व कातरणीनंतर मेंढीच्या अंगावरील ओरखडे काही दिवस तपासावेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या माहितीचे केवळ भाषण करू नये. एखाद्या जखमी जनावराजवळ चार शेतकरी बोलावून माशीची अंडी व अळ्यांच्या शेपट्या त्यांना प्रत्यक्ष दाखवाव्यात. अंडी घातल्यापासून अळी आत शिरेपर्यंत हाती जेमतेम एक दिवस असतो, हे तेथेच पटवून द्यावे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण खांदेमळणी करतो. लोणी व हळद लावून बैलाच्या खांद्यावरून प्रेमाने हात फिरवतो. वर्षातून एकदा फिरणारा तो हात रोज सायंकाळी, जनावर दावणीला आल्यावर, खांदा, कान, शिंगांचे बूड, खूर व बेंबी यांवरून फिरला, तर माशीला अंडी घालण्यास उघडी जखम मिळणार नाही, आणि मिळालीच, तरी ती आपल्या नजरेतून सुटणार नाही. या कामास पैसा लागत नाही, सवय लागते.